एका स्लाइडचं भाषण

तमिळ मुलखात ओरगडमला ट्रकचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी नोकरीला होते, तेव्हा दरवर्षी पुरवठादारांचा मेळावा तिथून तास-दीड तासावर, समुद्रकाठच्या कोवलमजवळच्या एका हॉटेलात भरायचा. आमच्या मोठ्या साहेबांचं भाषण जेवणानंतर असे. पडद्यावर आकड्यांच्या स्लाइड सरकत राहायच्या आणि समोर एसीच्या गारव्यात डुलक्या चालायच्या. त्या वर्षी मुख्यालयानं बजावलं की भाषण आटोपशीर करा, लोक जागे राहतील असं करा. काम माझ्याकडे आलं.

साहेब तंजावरकडच्या मराठी घरातले. मराठी जुन्या वळणाचं, हेल तमिळ. मी एकेक स्लाइड काढत गेले, तेही मान डोलावत गेले. मग वेळेवर झालेल्या पुरवठ्याचा आलेख आला. दर महिन्याचा एक खांब, सगळे जवळपास एकाच उंचीचे. यात पाहण्यासारखं काही नाही, असं मी म्हटलं.

"हे राहूं द्या," ते म्हणाले. "नोव्हेंबरातही खांब खाली गेला नाही. का, ते विचारा."

मी विचारलं, तसं त्यांनी सांगितलं. त्या नोव्हेंबरात पुरानं रस्ते पाण्याखाली होते, लॉऱ्या अडकल्या होत्या. रबरी सील बनवणाऱ्या एका छोट्या कारखानदारानं मेहुण्याचा ट्रॅक्टर काढला, खोकी ताडपत्रीत बांधली आणि स्वतः त्यांवर बसून आमच्या गेटपर्यंत आला. उत्पादन थांबलं नाही. मी तेव्हा तिथंच कामाला होते, पण मला याचा पत्ता नव्हता.

एवढंच सांगा, मी सुचवलं. त्यांनी आलेख पुन्हा एकदा पाहिला. मग म्हणाले, आकडे छापून वाटू, आणि हे ज्याचं त्यालाच सांगू दे. त्यांनी त्या कारखानदाराला फोन लावला. आपल्याला इंग्रजी येत नाही, असं तो माणूस सांगत होता. तमिळमध्ये बोला, साहेब म्हणाले.

मेळाव्यात साहेबांनी तो आलेख दाखवला आणि माइक त्याच्या हाती दिला. पडद्याकडे न बघता तो बोलला. माझं तमिळ बाजारापुरतं, अर्धंच कळलं. अर्ध्या वाटेत परतावंसं वाटलं, पण मागेही तेवढंच पाणी होतं, म्हणाला. मागून कुणीतरी विचारलं, माल भिजला का?

"भिजला. रबरच ते."

सभागृह हसलं. कुणी पेंगत नव्हतं.

कार्यक्रम इतका लवकर संपला की चहा तयार नव्हता. लोक व्हरांड्यात त्याच्याभोवती जमले. साहेब हात मागे बांधून बाजूला उभे होते. कसं वाटलं, मी विचारलं.

"बरं झालं," ते म्हणाले. "पण तुम्ही काढल्या त्यातल्या दोन-तीन स्लाइड खरंच चांगल्या होत्या."

मग ते चहाचं बघायला गेले.