नंबर प्लेट खालच्या बाजूला

आमच्या घरातल्या लॅपटॉपला मशीन नंबर आहे. वडील चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहेत. कंपनीने ऑफिसातले जुने लॅपटॉप काढले, तेव्हा त्यांनी अर्ज करून त्यातला एक माझ्यासाठी घेतला. त्याच्या खालच्या बाजूला ॲल्युमिनियमची छोटी पट्टी चिकटवलेली होती आणि तिच्यावर कंपनीचा नंबर ठोकलेला होता. मी म्हटलं, ही काढून टाकू. वडील म्हणाले, "राहू दे. नंबर असलेल्या मशीनकडं लोक नीट बघत्यात."

गावाकडच्या आणि आजोळच्या माणसांत कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मोठेपणा म्हणून नाही, अडचण म्हणून सांगते. कॉलेजातलं काही अडलं तर घरी विचारायला कुणी नसतं, आणि कॉलेजात विचारायचं तर मला भीती वाटते. बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आले तरी ही भीती गेली नव्हती. त्यामुळे लॅपटॉप जे सांगेल ते मी ऐकत असे.

लॅपटॉप गेले कित्येक महिने सांगत होता की ऑपरेटिंग सिस्टीम अपग्रेड करा. उजव्या कोपऱ्यात रोज एक चौकोन यायचा. त्यात 'शिफारस' असा शब्द होता. कुणीतरी एवढ्या वेळा शिफारस करतंय आणि आपण रोज नाही म्हणतोय, याचं मला वाईट वाटायला लागलं होतं. खंडेनवमीच्या दिवशी सकाळी मी 'हो' दाबलं. दिवस चांगला होता. दुपारपर्यंत अपग्रेड झालं, लॅपटॉप दोनदा स्वतःच बंद होऊन चालू झाला आणि नव्या रंगाची स्क्रीन आली. मी तो बंद करून ठेवला, कारण संध्याकाळी पूजा होती.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते. वडिलांचे पाने आणि पक्कड, आईची कात्री, विळी. आई घरी बसून रबराच्या पार्टची जादा आलेली कड कापायचं काम करते. पार्टची पोती घरी येतात आणि कापून परत जातात. त्या रांगेत त्या वर्षी लॅपटॉप होता. आईने कुंकवात बोट बुडवलं आणि थांबली.

"ह्याला लावायचं कुठं?"

"स्क्रीनवर नको," मी म्हटलं.

"मग बटनांवर?"

"बटनांवर पण नको."

"अगं मग पूजा करायची का नुसतं लांबून बघायचं?"

वडिलांनी निकाल दिला. "मशीनची पूजा नंबर प्लेटवर करायची असती. आमच्याकडं कंपनीत पत्रा दाबायच्या सगळ्या प्रेसला तसंच करत्यात." त्यांनी लॅपटॉप पालथा केला. आईने पट्टीवर हळद-कुंकू लावलं, वर मूठभर अक्षता टाकल्या आणि झेंडूच्या पाकळ्या वाहिल्या. मी नमस्कार केला. मनापासून केला, कारण दहा-अकरा दिवसांनी, रविवारी, माझी परीक्षा होती.

ही परीक्षा कॉलेजची नव्हती. एका कंपनीत सहा महिन्यांची इंटर्नशिप होती आणि तिची ऑनलाइन टेस्ट होती. साठ मिनिटं, कॅमेरा चालू, खोलीत एकच माणूस. मोबाईलवर देता येणार नव्हती. मध्येच पान बंद पडलं तर टेस्ट संपली, दुसरी संधी नाही, असं सूचनांमध्ये ठळक अक्षरांत लिहिलं होतं. रविवारी कॉलेजची लॅब बंद असते. वर्गातल्या ज्या मुलींकडे लॅपटॉप मागता आला असता, त्या सगळ्यांची टेस्ट त्याच वेळी होती.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी लॅपटॉप पहिल्यांदा अडकला. बाण जिथल्या तिथे थांबला. कोपऱ्यातलं घड्याळ दहा चौदावर थांबलं. मला आधी वाटलं, वाट बघावी. मी वाट बघितली. भिंतीवरच्या घड्याळात पावणेअकरा झाले तरी लॅपटॉपमध्ये दहा चौदाच होते. बटण दाबून धरलं, बंद केला, पुन्हा लावला. वीसेक मिनिटांनी पुन्हा तेच.

पुढचे पाच दिवस मी कुणाला काही सांगितलं नाही. मोबाईलवर व्हिडिओ बघून अकरा उपाय केले. ड्रायव्हर काढले, घातले. आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम बंद केले. नको ते पुसलं, आणि बहुतेक हवं ते पण थोडं पुसलं गेलं. परत जुन्या सिस्टीमवर जायची सोय होती, पण तिला लागणारा वेळ लॅपटॉप न अडकता जेवढा चालत होता त्याहून बराच जास्त होता. प्रत्येक व्हिडिओतला माणूस शेवटी फॉरमॅट करा म्हणायचा आणि हसायचा.

वडिलांची त्या आठवड्यात दुसरी पाळी होती, त्यामुळे ते सकाळी घरी असत. मंगळवारी चहा पिताना त्यांनी विचारलं, "का बाई, पाच दिवस झालं, तू त्या मशीनला सारखी बंद-चालू का करायलीस?"

"हँग होतोय."

"काय बदललं?"

मला नंतर कळलं की त्यांच्या कामात हा पहिला प्रश्न असतो. काल चालत होतं, आज बंद पडलं, तर मधे काय बदललं. मी म्हटलं, "काही नाही."

"काही नाही तर बंद कसं पडलं?"

मी कप खाली ठेवला. मग सांगून टाकलं की सिस्टीम अपग्रेड केली, मीच केली, कुणाला न विचारता केली, आणि त्यावर अकरा उपाय करून झाले. मला वाटलं ते रागावतील. ते उठले, पिशवीतून कंपनीची एक जुनी वही काढली, पट्टीने रेघा मारल्या आणि वरती लिहिलं: तारीख, चालू वेळ, बंद वेळ, कुठं ठेवलं होतं, शेरा.

"आता दुरुस्त करायचं न्हाई," ते म्हणाले. "आधी बघायचं. तू रोज बाराव्या उपायाच्या मागं पळायलीस. ते कसं बंद पडतंय हे तुला ठावं हाय का?"

मी वही ओढून घेतली.

बुधवार आणि गुरुवार मी फक्त लिहीत होते. गादीवर नऊ मिनिटं. टेबलावर बावीस. पुन्हा टेबलावर एकवीस. आईने ओटा पुसला होता, तिथे ठेवून बघितला, तर तीस. आई म्हणाली, "माझ्या ओट्यावर ते नको, मला भाकरी करायच्यात." तेही वडिलांनी शेऱ्यात लिहायला सांगितलं. मी लिहिलं: भाकरीमुळे पुढची चाचणी थांबवली.

शुक्रवारी मात्र माझा धीर सुटला. मी लॅपटॉप घेऊन आम्ही राहतो त्या दापोडीतल्या, आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मोबाईल रिपेअरच्या दुकानात गेले. वडील बरोबर आले, वही काखेत धरून. दुकानातल्या चाचांनी लॅपटॉप चालू केला, नवीन रंगाची स्क्रीन बघितली आणि मान हलवली.

"अपग्रेड केलंस ना बेटा? सगळे करतात, मग माझ्याकडे येतात. फॉरमॅट मारावा लागेल. मंगळवारी ने."

"रविवारी टेस्ट आहे माझी."

"मग टेस्टवाल्यांना सांग, मंगळवारी घ्या."

वडिलांनी वही उघडून त्यांच्यासमोर ठेवली. "भाऊ, हे बघा. गादीवर नऊ, टेबलावर बावीस, ओट्यावर तीस. सिस्टीमची चूक असती तर तिला कसं कळलं की आपण गादीवर हाय का ओट्यावर?"

चाचांनी वही वाचली. दोनदा वाचली. मग म्हणाले, "राव, तुम्ही कुठल्या कंपनीत आहात?"

"चाकणला. प्रेस शॉप."

"तरीच."

वडिलांनी चाचांचा लांब स्क्रू ड्रायव्हर मागितला. मला वाटलं खोलायला मागतायत. त्यांनी त्याचं टोक चालू लॅपटॉपच्या खालच्या जाळीजवळ टेकवलं आणि मूठ कानाला लावली. बेअरिंगचा आवाज असाच ऐकतात, हे त्यांनी मला लहानपणी पाण्याच्या मोटारीवर दाखवलं होतं. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. ती बघत राहिली. मला थोडी लाज वाटली, आणि लाज वाटली याचीही लाज वाटली.

"पंखा फिरत न्हाई," वडील म्हणाले. मग हाताची मागची बाजू लॅपटॉपवर ठेवली. "आन तापलंय."

चाचांनी लॅपटॉप बंद केला, काचेवर पालथा घातला आणि बारके स्क्रू एकेक करून एका डबीच्या झाकणात ठेवले. खालचं कव्हर निघालं. पंख्याच्या पात्यांमध्ये तांदळाचा एक दाणा आडवा बसला होता. त्याला कुंकू लागलेलं होतं. बाजूच्या कोपऱ्यात आणखी तीन दाणे आणि झेंडूची एक वाळलेली पाकळी होती.

चाचांनी चिमट्याने पहिला दाणा उचलून उजेडात धरला.

"ये क्या डाला है?"

"अक्षता," वडील म्हणाले.

"शादी थी क्या इसकी?"

"खंडेनवमी होती."

चाचांनी चारही दाणे आणि पाकळी कागदाच्या पुडीत बांधून वडिलांच्या हातात दिली. फेकून देणं त्यांना बरं वाटलं नसावं. वडिलांनी पुडी वहीत ठेवली. पंखा साफ करून लावला तेव्हा तो फिरला, पण टुकटुक आवाज करत. एका पात्याचं टोक मोडलं होतं. चाचा म्हणाले, "चालेल. किती चालेल ते सांगत नाही."

घरी आल्यावर टेबलावर एकोणचाळीस मिनिटं चालला आणि लाइट गेली. बॅटरी जुनी असल्यामुळे लाइटबरोबर तोही गेला. वडील म्हणाले, हे मोजायचं नाही, ही दुसरी बाब आहे. पण मला साठचा आकडा दिसत होता आणि वहीत साठ कुठेच नव्हते. शनिवारी कॉलेजात जादा तास होता, परत येईपर्यंत वडील पाळीला गेलेले होते. मी एकटीने लॅपटॉप चालू केला आणि चाळीस मिनिटांनी स्वतःच बंद केला. तो बेचाळिसाव्याला अडकला असता तर रात्रभर मला ते माहीत असतं. मला ते माहीत करून घ्यायचं नव्हतं. हे मी वहीत लिहिलं नाही.

रविवारी अकराला टेस्ट सुरू झाली. खोलीत एकच माणूस हवा म्हणून आई रबराचं पोतं घेऊन शेजारच्या काकूंकडे गेली. वडील गॅलरीत खुर्ची टाकून बसले, पाठ माझ्याकडे, मांडीवर वही. लॅपटॉप ओट्यावर होता आणि मी उभी होते, कारण ओट्याच्या गार फरशीवर तो जास्त टिकतो हे वहीत होतं. आईने त्या दिवशी भाकरी सकाळीच करून ठेवल्या होत्या.

प्रश्न सोपे नव्हते. सुरुवातीची वीस मिनिटं मी निम्मं लक्ष पंख्याच्या टुकटुकीवर ठेवून होते. बाविसाव्या मिनिटाला मी उत्तर लिहायचं थांबवून बाणाकडे बघत बसले. बाण हलत होता. तिसावं गेलं. त्यानंतर कधीतरी मी पंखा ऐकायचं विसरले. एक प्रश्न दोनदा वाचला, तिसऱ्यांदा कळला, आणि तो सोडवताना मला बरं वाटलं. असं परीक्षेत मला सहसा वाटत नाही. वेळ संपली तेव्हा स्क्रीनवर आलं की तुमची उत्तरं पोहोचली. मी ते वाचलं आणि गॅलरीच्या दाराशी गेले.

"साठ?" वडिलांनी न वळता विचारलं.

"साठ."

त्यांनी लिहिलं. वहीत दर दहा मिनिटांना एक 'चालू' होतं, एकाखाली एक, सहा. मग त्यांनी पान उलटलं. कंपनीत मशीन बंद पडलं की पाच वेळा 'का' विचारून कागद भरावा लागतो, आणि मशीन चालवणाऱ्याची सही झाल्याशिवाय तो कागद बंद होत नाही. तसा कागद त्यांनी आमच्यासाठी आखला होता. आईही तोवर परत आली होती आणि कात्री हातात तशीच घेऊन उभी होती. पुडीतले दाणे तिला शुक्रवारीच दाखवले होते. तेव्हापासून दोन दिवस तिने लॅपटॉपच्या जवळूनसुद्धा जायचं टाळलं होतं.

वडिलांनी वाचून दाखवलं. "हँग का झाला? तापला. का तापला? पंखा अडकला. का अडकला? दाणा गेला. दाणा का गेला? जाळीवर अक्षता पडल्या." ते थांबले.

"पडल्या न्हाईत," आई म्हणाली. "मी टाकल्या. लिहा की तसं."

"मी पालथा केला," वडील म्हणाले.

"आणि मी सगळा दोष अपग्रेडला दिला," मी म्हटलं.

"ह्यात माणूस लिहायचा नसतो," वडील म्हणाले. "माणूस लिहिला की साहेब कागद परत करतो. म्हणतो, मशीनमधलं कारण आणा." त्यांनी पाचवा 'का' लिहिला आणि त्याच्यापुढे उत्तर लिहिलं. मग वही माझ्याकडे सरकवली. जाळीवर अक्षता का पडल्या? नंबर प्लेट खालच्या बाजूला दिली आहे.

मी सही केली. टेस्टचा निकाल दहा दिवसांनी आला. मला घेतलं. वडिलांना फोनवर सांगितलं तर मशीनच्या आवाजात त्यांना नीट ऐकू आलं नाही, आणि मला ते तीनदा मोठ्याने सांगावं लागलं.

पण रविवारी दुपारी सही झाल्यावर वडिलांनी अजून एक रकाना दाखवला. पुन्हा होऊ नये म्हणून उपाय. त्यांनी पातळ पातं घालून ॲल्युमिनियमची पट्टी खालून सोडवली आणि लॅपटॉपच्या झाकणावर, बरोबर मध्यभागी, चिकटवली. आई आत जाऊन कुंकवाचा करंडा घेऊन आली. मागची पूजा चुकीच्या बाजूला झाली होती, असं तिचं म्हणणं होतं. तिने नव्या जागी बोट टेकवलं, मग तांदळाच्या डब्याकडे बघितलं, मग वडिलांकडे.

"अक्षता नकोत," वडील म्हणाले.

"मी कुठं म्हटलं?" आई म्हणाली आणि कात्री घेऊन पोत्याशी जाऊन बसली.