रानाचा स्टे

शारजाहून दुबईला जाणाऱ्या बसमध्ये ती रोज माझ्या पुढच्या सीटवर असायची. अंगात हॉटेलचा युनिफॉर्म, कानाला फोन, आणि कुणाला त्रास नको म्हणून तोंडावर हात. एका सकाळी तो हात खाली आला.

"स्टे मेळलो!" ती मालवणीत ओरडलीच.

"अभिनंदन! किती महिन्यांचा?" मी विचारलं. इथे स्टे म्हटलं की आम्हाला व्हिसाच आठवतो.

"माझा नाही हो, गावच्या रानाचा. सरकारी रान. आत रस्ता नाही, म्हणून जुनी झाडं उरलीत. आम्ही कोर्टात गेलो, तोड थांबली."

पुढच्या आठवड्यात ती धुमसतच चढली. "स्टे लाकूडतोडीवर आहे म्हणे, रस्त्यावर नाही! रस्त्यासाठी झाड पाडलं तर ती तोड नव्हे! कालपासून जेसीबी घातलाय मेल्यांनी."

"इन्शाल्ला, होईल काहीतरी," मी सवयीने म्हणालो.

ती गर्रकन वळली. अख्खी बस ऐकत होती, पण हात तोंडाकडे गेला नाही.

"काय होईल? मी परकी, तरी मला इथे राहायचा शिक्का मिळतो. ती झाडं तर जिथे उगवली तिथेच उभी होती!"