गवर जेवली का?

भेटल्यावर वळची मावशी आधी बोलायची नाही, आधी मनगट चेपायची. अंगठा आणि दोन बोटं, नाडीच्या जरा वर. चिंबोरी, म्हणजे खाडीतली खेकडी, भरलेली आहे की पोकळ, हे बघायची ती रीत. तीच ती माणसांना लावायची आणि लगेच निकाल सांगायची. माझा निकाल लहानपणापासून ठरलेला होता. "पोकळ हाय."

पुढे मी इंग्लंडला गेलो. पोट सुटलं, एका हनुवटीच्या दोन झाल्या. पहिल्या सुट्टीत आलो तेव्हा मोठ्या विश्वासाने मनगट पुढे केलं. तिने चेपलं, डोळे बारीक केले. "सुजलाय. पन पोकळच हाय."

ती वळ गावची. तरुणपणी भिवंडीत आमच्या दारावर वालाच्या शेंगा आणि काकड्या विकायला यायची, गणपतीत केळीची पानं. आमचं मास्तरांचं घर, कांदासुद्धा सणावाराला तोंड लपवून बसायचा. पुढे वळ-पूर्ण्याकडच्या शेतांत गोदामं उभी राहिली, तिच्या मुलांचं तिमजली घर झालं, शेंगा विकणं संपलं. पण गणपतीच्या आदल्या दिवशी ती यायचीच. फरक एवढाच, की आता पांढरी लांबलचक मोटार थांबायची, ड्रायव्हर अदबीने दार उघडायचा आणि आतून डोक्यावर पानांचा भारा घेऊन मावशी उतरायची.

आता थोडं माझ्याविषयी, कारण पुढे जो अपघात झाला त्यातलं वाहन मीच आहे.

इंग्लंडच्या उत्तरेला, बारा महिने ओल्या असलेल्या एका गावात आमचं मराठी मंडळ आहे आणि मी त्याचा सेक्रेटरी. भिवंडीत असताना घरचे देवळात शिरले की मी बाहेर चपला सांभाळायचो. तिकडे गेलो आणि मला धर्म चढला. इथे सण आपोआप होतो हो. गल्लीतून ढोल जातो, शेजारून मोदक येतात, आपण नुसतं घरात असलं की झालं. तिकडे आपोआप काहीच होत नाही. आमचा गणपती चतुर्थीला येत नाही, हॉल रिकामा असेल त्या शनिवारी येतो. दूर्वा म्हणून जे वाहतो ते कुणाच्या तरी लॉनचं गवत असतं. मग सारखी धाकधूक, की आपण करतोय ते खरं आहे ना? त्या धाकधुकीतून मी एक 'उत्सव मार्गदर्शिका' लिहिली. गौरीच्या नैवेद्यात काय असावं यावर तिच्यात चांगलं दीड पान आहे. कुणी मागितलं नव्हतं.

मावशीची मुलगी लग्न होऊन तिकडेच, आमच्या शेजारच्या गावात आली. हॉस्पिटलात नर्स. एकदा मंडळाच्या गौरीला आली, पुरणपोळी वाढून गेली, पुन्हा काही फिरकली नाही. मी म्हटलं, ड्युटी असेल.

गेल्या वर्षी मी बऱ्याच काळाने गणपतीत भिवंडीला आलो. आई म्हणाली, "वळला मावशींकडे गौरीला जाऊन ये. दर्शन घे आणि नीघ. जेवायला थांबू नकोस."

"का गं?"

"सांगते ते ऐक. थांबू नकोस."

आया अर्धंच सांगतात आणि उरलेल्या अर्ध्यात आपण आपटतो.

दुपारचे दोन वाजले असतील. कंटेनरच्या रांगांमधून रिक्षा वाट काढत पोचली. दार सताड उघडं, बायका आत स्वयंपाकघरात, दिवाणखान्यात मी आणि गौर. हिरवी साडी, ठसठशीत नथ, गळाभर सोनं. मी हात जोडले, नजर खाली गेली आणि जोडलेले हात तसेच राहिले.

गौरीपुढे पितळी ताट होतं. त्यात भात, तांदळाची भाकरी, तळलेल्या माशाच्या तुकड्या आणि वाडग्यात लालभडक रस्सा. रश्शातून दोन नांग्या अशा वर आलेल्या, की जणू बुडणारं माणूस हात करतंय.

मला दुसरी शक्यताच सुचली नाही. कुणीतरी आपलं जेवणाचं ताट घाईत देवीपुढे ठेवून गेलंय! मंडळाच्या सेक्रेटरीची चपळाई अंगात संचारली. मी ताट उचललं, मागच्या पडवीत नेऊन कठड्यावर ठेवलं, परत आलो. जागा शुद्ध करायला गोमूत्र कुठे मिळणार? खिशातलं सॅनिटायझर चार थेंब शिंपडलं. हात जोडून पुटपुटलो, "आई, लेकरांना क्षमा कर."

गौर म्हणाली, "ताट कुठं नेलंत?"

तुम्ही हसाल. पण नथ हलल्याचं मी शपथेवर सांगितलं असतं. तोंडातून एवढंच निघालं, "पडवीत."

"अहो सेक्रेटरी काका, इकडे. डाव्या हाताला. फोनात."

लाडवांच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनातून मावशीची मुलगी माझ्याकडे बघत होती. तिकडची सकाळ होती. केस विस्कटलेले, पोट एवढं पुढे आलेलं, की ती खुर्चीत मागे रेलून बसली होती. तिने सगळं पाहिलं होतं. सॅनिटायझरसकट.

"आये! आये गं!" ती ओरडली.

सून धावत आली, पडवीत गेली आणि तिथून किंचाळली, "मांजरीनं खाल्लं! गवरीचं ताट मांजरीनं खाल्लं!" मग फोनकडे बघून तिने तोंडावर हात धरला.

मावशी सावकाश बाहेर आली. "तू उचललंस?"

"मला वाटलं, कुणीतरी चुकून..."

"सकाळधरनं रांधलंय, ते चुकून? आमची गवर माहेरवाशीन. पोरगी माहेरी आयली तं तिला काय वरनभात घालशील?"

मूळ धर्म भिवंडीत आहे आणि त्याची हुबेहूब प्रत मी परदेशात जपतोय, अशी माझी समजूत होती. आणि माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर देवी दरवर्षी नांग्या फोडून खात होती, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळत होतं.

"आये, मी थांबते," फोनातून मुलगी म्हणाली. "गवर जेवल्याबिगर मी न्हाय जेवनार."

"अगो, पोटुशी बाय तू. खा कायतरी."

"न्हाय."

मावशीने पदर कमरेला खोचला. "गाडी काड," तिने ड्रायव्हरला सांगितलं. "खारबावला जायाचं. खाडीला."

सून आडवी आली. "आई, डाक्टरनी तुमाला जिना चढायला न्हाय सांगलंय!"

"डाक्टर गवरीला जेवू घालनार हाय का? बाजार उठला आता. आनि तू," माझ्याकडे वळून, "बादली घे. फोन पन घे."

खारबाव तिचं माहेर. गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती. मुलगी ऐकू नये म्हणून तिने फोन पदराखाली दाबून धरला आणि मला हळू विचारलं, "मागल्या खेपेला ती तुमच्या मंडलात गवर पुजाया आयली. तवा बी पोटुशी व्हती. तिथं गवरीला काय वाढलं?"

"पुरणपोळी."

"मंग ते पोर न्हाय ऱ्हायलं."

आवाजात राग नव्हता. शेंगांचा भाव सांगावा तसं सांगितलं. असं काही नसतं, मावशी, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. डॉक्टरही हेच म्हणाले असते. पण ती मुलगी तेव्हा गरोदर होती हेच मला माहीत नव्हतं. मी सेक्रेटरी होतो, वर्गणीदारांची नावं मला पाठ होती.

ओहोटी होती. सत्तरी ओलांडलेली, विमानात बसायला बंदी म्हणून लेकीच्या बाळंतपणाला जाऊ न शकलेली ती बाई लोखंडी आकडा घेऊन तिवरांच्या चिखलात गुडघाभर उतरली. मी रेशमी कुडत्यात, एका हातात बादली, दुसऱ्यात फोन. बिळात आकडा घालून ती कान देऊन उभी राहायची, झटका द्यायची आणि हिरवीकाळी चिंबोरी नुसत्या हाताने मागून धरून वर काढायची. छाती लोहाराच्या भात्यासारखी चालली होती.

"आये, बस झालं, वर ये," फोनातून मुलगी रडत म्हणाली आणि पुढच्याच क्षणी हसली. "काका, बादली सरळ धरा! निघाली बघा ती!"

निघालेली चिंबोरी माझ्या करंगळीला लटकली. मी जे ओरडलो ते कुठल्याही मार्गदर्शिकेत बसणारं नव्हतं.

मावशीने ती शांतपणे सोडवली, पोटाकडून चेपली. "भरलेली हाय," ती खुशीत म्हणाली.

पुन्हा वाटण झालं, पुन्हा ताट मांडलं. गौरीच्या खोलीचं दार लोटून आम्ही सगळे बाहेर बसलो. फोन मावशीच्या मांडीवर.

"किती वेळ थांबायचं?" मी विचारलं.

"ती जेवेस्तवर."

बऱ्याच वेळाने ती उठली, दार बोटभर उघडून गौरीच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "जेवली."

"तुम्हाला कसं कळलं?"

"पोरगी पोटभर जेवली का न्हाय ते आईला कलत न्हाय?"

फोनात स्टीलच्या ताटाचा आवाज झाला. मुलीने तिकडे पहिला घास घेतला. ताट संपेपर्यंत मावशीने फोनावरून नजर हलवली नाही. मग मला वाढलं. वरणभात.

ऑक्टोबरात मावशीच्या लेकीला मुलगी झाली, दोघी सुखरूप. थंडी सरता सरता आईचा फोन आला. मी तिकडच्या दुकानात भाजी घेत होतो. "वळच्या मावशी गेल्या रे. झोपेतच." मी भरलेली ट्रॉली तिथेच सोडून बाहेर येऊन उभा राहिलो. गाडीची किल्ली हातात असून शोधत राहिलो.

यंदा तिच्या लेकीने मला घरी बोलावलं. शनिवार नव्हता, तिथी होती. मी रजा घेतली. हिरव्या साडीतली गौर, पुढे चिंबोरीचं ताट. दार लोटून आम्ही जिन्याच्या पायऱ्यांवर बसलो. नवरा कामावर, बाळ तिच्या मांडीवर झोपलेलं. घरभर रश्शाचा वास.

खूप वेळ गेला. तिने माझ्याकडे पाहिलं. "काका, जेवली असेल का?"

मी उठलो. दार बोटभर उघडून बघितलं. भाताची वाफ थांबली होती. गौरीच्या तोंडाकडे मी नीट, पुन्हा पुन्हा बघितलं. मला काहीच कळेना.

"थांबू या अजून थोडं," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि बाळाला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं.