फोटोची पाठ

दिगंबरकाकांच्या हातात कुठलाही फोटो दिला की ते आधी तो उलटा करायचे. पाठ कोरी दिसली की कपाळाला आठी. लातुरात क्लासच्या गल्लीत त्यांचा स्टुडिओ होता. हदगाव, बिलोलीहून शिकायला आलेली मुलं अर्जासाठी फोटो काढायची, आणि काका प्रत्येक फोटोमागे पेन्सिलीनं नाव-गाव लिहूनच पाकीट द्यायचे. "नुसतं तोंड कुणाचंबी असतंय," म्हणायचे. "मागं लिवलं की त्याचं व्हतंय."

ही सवय भूकंपातली. सामूहिक चिता पेटण्याआधी काकांनी मृतांचे फोटो काढले होते, ओल्या रुमालानं एकेक चेहरा पुसून. उशिरा पोचलेल्या नातेवाइकांना ओळख पटावी म्हणून. मागे गाव, गल्ली, कुणाच्या घरात सापडले ते, आणि कुणी सांगितलं असेल तर नाव.

पुढे त्या फोटोंना वाळवी लागली. काकांनी निगेटिव्ह स्कॅन करून घेतल्या. फाइलीच्या आतही माहिती लिहायची जागा असते, हे मीच त्यांना दाखवलं. मग पाठीवरचा सगळा मजकूर त्यांनी एका बोटानं टाइप केला. वर्ष गेलं त्यात. वाळवीनं खाल्लेले फोटो नांदेडला नेऊन गोदावरीत सोडले. "ह्यांच्या अस्थी कुणी सोडल्या न्हाईत," एवढंच म्हणाले.

मी शेजारच्याच एका क्लासच्या वेबसाइटवर गुणवंतांचे फोटो चढवायचो. काकांना हेही फोटो इंटरनेटवर हवे होते. स्कॅन भलतेच जड, म्हणून मी गुणवंतांचे करतो तसेच सगळे एका झटक्यात लहान केले. आतली माहिती जपायची तर तसं वेगळं सांगावं लागतं, हे मला ठाऊक नव्हतं. मूळ फाइलींवरच साठवू का, असं कॉम्प्युटरनं विचारलं. मी शहाण्यानं हो म्हटलं. दुसरी प्रतही ठेवली नव्हती.

ते कळलं उदगीरहून सुनंदाबाई आल्या तेव्हा. भूकंपाच्या वेळी त्या दीड वर्षाच्या, आत्याकडे होत्या म्हणून वाचल्या. घरातले फोटो घराखाली गेले, आता आत्याही उरली नव्हती. "आई दिसायला कशी व्हती, तेवढं बघायचंय," म्हणाल्या. मी माहितीचा रकाना उघडला. कोरा. पुढचा कोरा. सगळेच कोरे.

काका तीन दिवस स्क्रीनपुढे बसून होते. मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. गल्ल्या आठवत, बांगड्या आठवत ते चार बायांपर्यंत आले आणि अडकले.

"कोणतीबी एक सांगा काका," सुनंदाबाई रडत म्हणाल्या. "मी तिलाच आई मानते."

"अंदाजानं आई देता येत न्हाई, बाई."

त्यांनी मला चारही फोटो छापायला लावले. प्रत्येकामागे पेन्सिलीनं लिहिलं: चौघींतली एक, सुनंदाची आई.

त्यानंतर स्टुडिओ उघडलाच नाही. उन्हाळ्यात काका गेले.

पितृपंधरवड्यात सुनंदाबाईंनी मला जेवायला बोलावलं. फोटोंपुढं चार पानं वाढली होती. माझी नजर बघून त्या म्हणाल्या, "एक माझी आई. बाकी तिघींचीबी लेकरं कुठंतरी हुडकत असतील. ती येईस्तोवर ह्या हितंच जेवतील."