रोस्वितानं जोडलेले डबे

रोस्विता ट्रिंक्स कचऱ्याच्या कंटेनरमध्ये चढली तेव्हा तिच्या अंगावर कारखान्याचा निळा डगलाच होता. दोन जर्मनी एक झाले आणि श्टाइनबाखमधला खेळण्यातल्या आगगाड्यांचा कारखाना बंद पडला. उमेदीची सगळी वर्षं तिनं तिथं बिघडलेले डबे दुरुस्त केले होते. आता पश्चिमेकडून आलेली माणसं सुट्या भागांचे खोके बाहेर भिरकावत होती. चाकं, बफर, छपरं, इवलेसे दरवाजे.

"बाई, उतरा खाली! ही चोरी आहे," रखवालदार ओरडला.

"कचऱ्याची चोरी? बोलवा पोलिसांना. आणि ते येईपर्यंत हा खोका धरा जरा."

त्यानं मुकाट्यानं धरला.

तेव्हापासून तिचं स्वयंपाकघर म्हणजे कारखानाच झाला. नाताळ जवळ आला की लोक माळ्यावरच्या गाड्या काढायचे आणि मोडकं काय निघेल ते तिच्याकडे घेऊन यायचे. डब्याच्या टोकाचा, धक्का झेलणारा बफर तुटला असेल तर ती शिवणाच्या टाचणीचं डोकं बसवायची. दाराजवळचा धरायचा दांडा गेला असेल तर गिटारची तार वाकवून लावायची. चाक डगमगत असेल तर आसाच्या भोकात पितळेची वाटी ठोकायची.

पुढं गावातल्या मॉडेल रेल्वे क्लबचा अध्यक्ष झाला डेटलेफ उलिश. एके काळी त्याच कारखान्यात तो खोकी बांधायचा. एका बैठकीत तो म्हणाला, "यंदाच्या प्रदर्शनात जुने डबे नकोत. रुळावरून घसरतात. लोक हसतात."

"लोक हसतात, की तुलाच लाज वाटते?" रोस्वितानं विचारलं.

"अगं, काळ बदलला."

"बदलू दे की. माझे हात अजून शाबूत आहेत."

मतं घेतली तेव्हा हात वर झाले ते डेटलेफच्या बाजूनं. रोस्वितानं कोट चढवला आणि दार जोरात ओढून घेतलं.

प्रदर्शनाच्या दिवशी शाळेच्या व्यायामशाळेबाहेर, फुटपाथवर, तिनं भिंतीचे कागद चिकटवताना वापरतात तसलं घडीचं लांब टेबल मांडलं. त्यावर रुळांचं कडं, खाली मोटारीची बॅटरी. डेटलेफ तरातरा बाहेर आला.

"इथं परवानगी नाही."

"फुटपाथ क्लबचा कधीपासून झाला रे?"

इंजिन निघालं. लोक थांबले. आणि नेमकं वळणावर तेलाच्या टाकीच्या डब्याचं, पुढच्या डब्यात अडकणारं कपलिंग तुटलं. अर्धी गाडी मागंच राहिली.

"बघा! हेच म्हणत होतो मी," डेटलेफ म्हणाला.

रोस्विताचे कान तापले. एक क्षण तिला वाटलं, सगळं गुंडाळावं आणि घरी जावं. मग तिनं डबा उचलला.

"तुटलं. मग? तुझी कंबर गेली होती तेव्हा तुला कुणी कचऱ्यात टाकलं का?"

लोक खो खो हसले. डेटलेफलाही हसू आवरेना, म्हणून त्यानं तोंड फिरवलं.

तिनं हातानं फिरवायच्या बारीक गिरमिटानं कपलिंगच्या तुटक्या देठात भोक पाडलं, पितळी तारेचा तुकडा घातला, गोंद लावला. थंडीत गोंद वाळेना, तेव्हा डबा कोटाच्या आत काखेत धरून ठेवला. मागं राहिलेले डबे पुढच्यांना अडकवून दिले, आणि उरलेली गाडी फिरत राहिली. एका म्हातारीनं पिशवीतून टपालाचा डबा काढला.

"याची पायरी गेलीय. सून म्हणते, टाकून द्या."

"दह्याचा रिकामा प्लास्टिकचा डबा आणा. त्यातून कापून देते पायरी. आणि सुनेलाही आणा, बघायला."

पुढच्या वर्षी डेटलेफ तिच्या घरी आला. प्रदर्शनात मागच्या रुळावर, पुठ्ठ्याच्या डोंगराआडून, तिची गाडी चालेल म्हणाला.

"पुढचा रूळ," ती म्हणाली, "नाहीतर फुटपाथ."

पुढचा रूळ काही मिळाला नाही. नाताळच्या आधी ती पुन्हा फुटपाथवर उभी राहिली, लोकरी टोपी कानांवर ओढून. क्लबातली निम्मी माणसं सिगारेट ओढायच्या निमित्तानं बाहेर येत होती, आणि आपापले मोडके डबे कोटाआडून हळूच तिच्या टेबलावर ठेवत होती.

"लपवताय कशाला?" ती मोठ्यांदा म्हणायची. "वर धरा. सगळ्यांना दिसू द्या."