आतून बुजवलेली जंगी

आमच्या परसातल्या तटाची जंगी मी बुजवली. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, आणि जिला सांगायलाच पाहिजे होतं त्या आईलाही नाही.

जंगी म्हणजे तटाच्या वरच्या अंगाला बंदुकीसाठी ठेवलेलं तिरकं भोक. आतल्या बाजूनं तोंड रुंद, बाहेर जाता जाता निमुळतं, आणि उतार बाहेरच्या दिशेला. आतल्या शिपायाला खालून येणारा माणूस दिसतो, खालच्याला मात्र आतलं काहीच दिसत नाही. शेंद्र्याच्या कारखान्यात मी सुटे भाग तपासायचं काम करतो, पण रविवारी हौसेनं लोकांना देवगिरीवर घेऊन जातो. खंदक दाखवतो, अंधारी म्हणतात ती काळोखी भुयारी वाट दाखवतो, दरवाज्यांवरचे खिळे दाखवतो. जंगीपाशी आलो की एखाद्याला वाकून बाहेर बघायला लावतो. लोक खूश होतात. हे सगळं मी पुस्तकात शिकलो नाही. आमच्या परसातच शिकलो.

आमचं घर दिल्ली दरवाज्याच्या अंगाला, शहराच्या जुन्या तटाला पाठ लावून उभं आहे. आतल्या बाजूची जमीन पिढ्यान्‌पिढ्या भर पडून इतकी वर आली, की तटाचा माथा आमच्या परसाची भिंत झाला. पलीकडं खोल आहे. तिथं तटाच्या पायथ्याशी एक घर आणि त्या घराचा गच्चीवर जाणारा जिना. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभं राहिलं की आपली जंगी बरोबर तोंडासमोर येते. बाहेरच्या तोंडाचा एक दगड कधीकाळी निखळला होता, त्यामुळं तिथून वाटी जायची.

त्या घरात खाला राहतात; मावशीला म्हणावं तसं मी त्यांना खाला म्हणतो. आईहून थोड्या मोठ्या. आई त्यांना आपा म्हणायची, त्या आईला बाई म्हणायच्या. नावं दोघींनी कधी घेतली असतील असं वाटत नाही.

जंगीला उतार असल्यामुळं आमच्याकडून वाटी नुसती सोडली की घसरत जायची. त्यांच्याकडून वर यायला मात्र कष्ट. खालांनी त्यासाठी एक बांबूची काठी ठेवली होती, तिच्या टोकाला चिंधी गुंडाळलेली. त्या काठीनं वाटी वर ढकलायच्या आणि ओरडायच्या, "पकडो बाई, आ रई!" आई धपाटी पाठवायची, येसराची आमटी पाठवायची, उन्हाळ्यात ताक. खालांकडून शीरखुर्मा यायचा. रिकामी वाटी परत करायची नाही असा दोघींचाही हट्ट, त्यामुळं ते देणं-घेणं कधी संपायचंच नाही. साखर नसली तर खाला वाटीत चार लिंबं टाकून पाठवायच्या.

मी शाळकरी होतो तेव्हा खाला माझ्यासाठी गुपचूप नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, वर ढकलायच्या. आमच्या घरात ते चालत नव्हतं. मी परसात उकिडवं बसून खायचो. एकदा आई मागून आली. मी वाटी पायाखाली दडवली. आईनं हवेत वास घेतला, माझ्याकडं बघितलं आणि जंगीत तोंड घालून म्हणाली, "आपा, हिकडं एक बोका आलाय बघा. लई माजलाय. त्याला काय खाऊ घालू नका."

पलीकडून खाला म्हणाल्या, "हौ बाई, बिल्ले कू कौन समझाए!"

दोघी हसत राहिल्या. तटाच्या दोन्ही बाजूंनी हसणं येत होतं आणि मध्ये दगड होता.

एकमेकींना त्या फार कमी वेळा दिसल्या. दरवाज्यातून वळसा घालून यायचं म्हणजे बरंच चालणं, आणि दोघींचेही गुडघे गेलेले. उतारामुळं आईला खालांच्या ओढणीचा पदर तरी दिसायचा. खालांना आईच्या फक्त बांगड्या ऐकू यायच्या. पण रोज सकाळी चौकशी व्हायची. झोप लागली का, पोट साफ आहे का, सून काय म्हणते. माझी बायको हसून म्हणायची, "माझ्या सगळ्या चहाड्या त्या भोकातून जातात."

मग शहरात ते दिवस आले. कशावरून झालं ते इथं लिहीत नाही. आमच्याकडं ते अधूनमधून होतं आणि प्रत्येक वेळी कारण नवीन असतं. आधी मोबाईलवर काहीबाही फिरायला लागलं, मग दुकानांची शटरं पडली, मग दगड आले. संचारबंदी लागायच्या आदल्या दिवशी गल्लीतले पुरुष आमच्या ओट्यावर जमले. मीही त्यांत होतो. एकानं विचारलं, "काका, तुमच्या परसात भोक आहे ना पलीकडं जाणारं?"

मी म्हणालो, "आहे. वाटीएवढं."

"वाटीएवढं असलं तरी भोकच ना. उद्या तिथून काय आलं म्हणजे? बाटली आली, पेटता बोळा आला?"

दुसरा हसत म्हणाला, "देवगिरीवर तर लोकांना सांगता, किल्ला आतल्या माणसामुळं पडतो म्हणून. आता तुम्हीच ठरवा."

मी असं सांगायचो हे खरं. दरवाजा आतून उघडला गेला म्हणून किल्ले पडले, धान्य समजून वर चढवलेली पोती मिठाची निघाली म्हणून पडले, हे मी रंगवून सांगायचो. माझं वाक्य माझ्याच तोंडावर आलं आणि मला उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर उत्तर सुचलं होतं. 'पलीकडं खाला आहेत,' एवढंच म्हणायचं होतं. माझी जीभ उचलली नाही. मला भीती पलीकडच्यांची नव्हती, ओट्यावरच्यांची होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई झोपली होती. बायको पोरीला घेऊन पुढच्या खोलीत होती. आम्ही तेव्हा नुकतंच न्हाणीघर नवीन केलं होतं, त्याचं अर्धं पोतं सिमेंट आणि फुटक्या फरशांचे तुकडे परसात पडून होते. मी घमेल्यात माल कालवला. फरशांचे तुकडे जंगीत सोडले, ते आपोआप घसरत पुढच्या तोंडाशी जाऊन बसले. वरून माल ढकलला. ढकलायला काही सापडेना म्हणून आईची कपडे वाळत घालायची काठी घेतली. शेवटचा उजेड गेला तेव्हा मला हायसं वाटलं. तेही लिहून ठेवतो. हायसं वाटलं होतं.

आई उठल्यावर ताकाची वाटी घेऊन परसात गेली. बराच वेळ आली नाही म्हणून मी मागं गेलो. ती जंगीत डोकावत होती. तिच्या डोळ्यांना मोतीबिंदू, आतल्या तोंडापासून माल लांब. तिला नुसता अंधार दिसला.

"अरे, उजेड का येईना गेला?"

मी म्हणालो, "पलीकडून बुजवलंय."

हे मी आधी ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं.

"आपानं?"

"आणखी कुणी? काळ कसा आहे."

आईनं पुन्हा एकदा जंगीत डोकावून बघितलं. वाटी हातातच होती. मग म्हणाली, "असंल बाबा. पोरगा भ्याला असंल तिचा. लेकराबाळाचं घर हाय." तिनं ते ताक मला दिलं. मी प्यायलो.

माझ्या बुद्धीला वाटलं होतं, आता संपलं. पण संचारबंदीत आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या. मी गल्लीत विचारून पाहिलं, कुणाकडं नव्हत्या. औषधाची दुकानं उघडी आहेत म्हणत होते, पण चौकापर्यंत जायची माझी छाती नव्हती. अशात एका सकाळी मी परसात तोंड धूत होतो आणि तटातून आवाज आला. दगडाआडून, सिमेंटाआडून, विहिरीतून यावा तसा.

"बाई! ओ बाई! गोलियां हैं ना तुमारे कने? बच्चा लाके रख्या है मेरा. बाई!"

खालांचा मुलगा औषधाच्या दुकानात कामाला होता. आईची गोळी कोणती, ती कधी संपते, हे खालांना रोजच्या चौकशीतून पाठ होतं. त्यांनी ती मुलाकडून आणवून ठेवली होती आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर, दुखऱ्या गुडघ्यांनी चढून, बुजवलेल्या तोंडाशी उभ्या राहून हाका मारत होत्या.

आई आत होती. तिला ऐकायला कमी यायचं. मी तोंडावरचं पाणीही पुसलं नाही, की आवाज होईल. खाला पुन्हा ओरडल्या. मग काठीनं ठोकलं. चिंधी गुंडाळलेल्या काठीचा तो मऊ आवाज. मग थांबल्या. पायऱ्या उतरल्याचं मला ऐकू आलं.

त्या हाकांना एवढंच उत्तर पुरलं असतं, 'खाला, दरवाज्यातून येतो.' मी दिलं नाही.

आईला चक्कर आली, एक दिवस ती पडून राहिली. संचारबंदी शिथिल झाली तशी मी गोळ्या आणल्या. 'काही झालं नाही,' असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं.

शहर पूर्ववत झालं. ते होतंच. ओट्यावरचे लोक पुन्हा क्रिकेटवर बोलायला लागले. जंगी मात्र तशीच राहिली. मी उघडायला गेलो असतो तर आईनं विचारलं असतं, आतून कशी निघाली? आई सणाला एक वाटी जास्तीची भरायची आणि मग ती आमच्याच पंगतीला यायची. फोन लावून देतो असं मी कधी म्हणालो नाही, आणि तिनंही मागितला नाही. तिचं म्हणणं एवढंच, "तिनं बंद केलंय, तर तिनं बोलवावं."

गेल्या हिवाळ्यात आईनं अंथरूण धरलं. डॉक्टरांनी छावणीतल्या दवाखान्यातून घरी न्यायला सांगितलं, त्याचा अर्थ आम्हाला कळला. बातमी कशी गेली ठाऊक नाही, पण एका सकाळी दारात रिक्षा थांबली आणि नातवाच्या खांद्यावर हात ठेवून खाला उतरल्या. आमच्या पुढच्या दारानं त्या तेव्हा पहिल्यांदाच आत आल्या. मला ओलांडून थेट आईच्या खाटेपाशी गेल्या आणि तिचा हात हातात घेतला. आधी बांगड्यांवरून बोटं फिरवली.

आईनं डोळे उघडले. ओळखायला वेळ लागला नाही. म्हणाली, "आपा, इतक्या जाड झालात व्हय? त्या भोकातनं कळत नव्हतं."

"तुम सूख गए बाई. धपाटे खुद नईं खाते थे क्या?"

मी चहाचे कप घेऊन दारात उभा होतो. मग आईनं विचारलं. मला माहीत होतं ती विचारणार.

"का हो बुजवलंत? राग आला होता?"

खालांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. हातातले कप मी फळीवर ठेवले. मला वाटलं, आता. आणि खोटं बोलत नाही, एका परीनं मला बरंही वाटलं, की चला, आता दुसरं कुणी सांगेल.

खाला आईकडं वळल्या. "गुस्सा कायकू? सांप निकला था बाई. नाग. इत्ता बडा. तुमारे घर में उतरता तो? बच्ची छोटी थी तुमारी. इस वास्ते बंद कर दी."

आईचा चेहरा सैल झाला. इतक्या वर्षांची गाठ माझ्यासमोर सुटली. ती हसली, खोकली, पुन्हा हसली. "येडी का काय तुम्ही! नाग आला असता तर मी दूध पाजलं असतं. वाटीत घालून परत पाठवला असता तुमच्याकडं, रिकामी वाटी नको म्हणून."

दोघी हसायला लागल्या. माझी बायको स्वयंपाकघरातून बघायला आली, काय झालं म्हणून. खालांनी पदराखालून शीरखुर्म्याचा डबा काढला आणि चमच्यानं आईला थोडा थोडा भरवला. त्या दिवसांत आई पाण्याशिवाय काही घेत नव्हती. तो घेतला.

त्यांना रिक्षात बसवायला मी बाहेर गेलो. नातू पुढं चालकाशी बोलत होता. खाला बसल्या, ओढणी सावरली आणि माझ्याकडं न बघता हळूच म्हणाल्या, "न्हानी की फर्शी अच्छी है तुमारी. नीली. हमारे जीने पे से आज बी दिखती है."

मी रिक्षाची दांडी धरून उभा राहिलो.

"मां कू नक्को बोलना," त्या म्हणाल्या. "मां है. बेटे का दुख लेके नक्को जाने दे."

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पुढच्या तोंडातून माझ्या फरशांचे निळे तुकडे बाहेर डोकावत होते. रोज जिना चढताना ते त्यांना दिसत होते. ते बघूनसुद्धा त्या गोळ्या घेऊन वर चढल्या होत्या.

आई गेली तेव्हा तिच्या मनात आपाबद्दल काही अढी उरली नव्हती. हे त्यांनी केलं. मी नुसता उभा होतो.

त्यानंतर मी दरवाज्यातून वळसा घालून त्यांच्या गल्लीत बऱ्याचदा गेलो. एकदा तर दारापर्यंत पोहोचलो, आतून नातवाचा आवाज आला आणि मी परत फिरलो. देवगिरीवर अजूनही जातो, पण जंगीपाशी आता कुणाला थांबवत नाही. पुढं चला म्हणतो.

खालांना वाटतं की त्यांना सगळं माहीत आहे. पण त्या सकाळी त्या हाका मारत होत्या तेव्हा आई घरात असून तिला ऐकू गेलं नाही, आणि मला मात्र प्रत्येक शब्द ऐकू येत होता, हे त्यांना माहीत नाही. त्यांच्या समोर बसून ते सांगणं माझ्याकडं अजून बाकी आहे.