होडीच्या चित्राची तबकडी

मिरजोळ्याच्या फाट्यावर माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. गोड बोलणं मला कधी जमलं नाही. बायको म्हणायची, "तुमच्यापेक्षा रेडिओ बरा, कान पिळला की गातो तरी."

१९८२ च्या मे महिन्यात पालीचा रावजी एक बिघडलेला रेकॉर्ड प्लेअर घेऊन आला. मालवाहू जहाजावर तो इंजिनखोलीत तेल घालायचा. प्लेअर नीट झाला तेव्हा त्याने पिशवीतून मोंबासाहून आणलेली एक लहान तबकडी काढून लावली. तोपर्यंत आफ्रिका म्हणजे मला शाळेच्या नकाशातला पिवळा तुकडा. इथे तर दोन गिटारी सख्ख्या जावांसारख्या गप्पा मारत होत्या आणि खालून ढोल असा चालला होता की मी सोल्डरिंग बाजूला ठेवून उभाच राहिलो. कधी नव्हे ते मी गिऱ्हाइकाला चहा पाजला.

मग दर मे महिन्यात रावजी रजेवर आला की तबकड्यांचं बोचकं आधी माझ्या दुकानात सुटायचं. गायकांची नावं दोघांच्याही जिभेला झेपत नसत. पण तबकडीच्या मधल्या गोल कागदावर कंपनीचं चित्र असे. ऐकून ऐकून मला उमगलं, की गेंड्याच्या चित्राची कंपनी गिटारवाले झकास देते आणि होडीच्या चित्राची कंपनी बायकांची गाणी. मी चिठ्ठीवर गेंडा नाहीतर होडी काढून द्यायचो, रावजी ती मोंबासाच्या दुकानदारापुढे धरायचा. माझा गेंडा बघून दुकानदार डुक्कर म्हणून हसतो, असं तो सांगे. गायकांचं बारसंही आम्हीच केलं. एक गाण्याआधी खोकायचा, तो खोकणारा बुवा. होडीच्या कंपनीची एक घोगरी बाई होती. तिच्यामागे ढोल नाही, नुसतं सारंगीसारखं काहीतरी रडायचं. तिच्यावर माझा फार जीव.

८६ साली रावजी आला तो वेगळाच. मी जुनीच एक तबकडी लावली होती. "वाढव," म्हणाला. वाढवला. "आजून वाढव." शेजारचा न्हावी वस्तरा घेऊन ओरडत आला आणि माझं डोकं फिरलं.

"बहिरा झालास काय रे?"

रावजी माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग कसनुसं हसला, आणलेला फणस दाराशी ठेवला आणि नवं बोचकं न सोडताच उचलून निघून गेला.

रावजीचा फणस म्हणजे डोळे मिटून घ्यावा. झाडावरच्या फणसावर टिचकी मारून, आवाजावरून तो जून झालाय की कोवळा आहे हे सांगावं रावजीनेच. पालीत लोक त्याला मुद्दाम आपल्या आगरात घेऊन जात. मी फणस आठ दिवस गोणपाटात ठेवला. पिकेना. शेवटी चिरला, तर आत पांढरेफटक कोवळे गरे. चिकाने माखलेले हात घेऊन मी तसाच बसलो. रावजीची टिचकी चुकली होती. मी त्याला काय बोललो होतो ते आठवून मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी प्लेअर आणि स्पीकरची पेटी घेऊन मी पालीची एसटी धरली. रावजीची बायको विमला अंगणात भेटली.

"दोन वर्सं झाली, आयकू येत नाय त्यांना," ती म्हणाली. "जहाजावरनं काढतील म्हणून कोणाला बोलले नायत. आता डाक्टरानं नापास केलंन. जहाज संपलं."

दोन वर्षं? मी रावजीच्या कानाशी ओरडलो, "मग गेल्या वर्षीच्या तबकड्या निवडल्यास कशा? एकापेक्षा एक होत्या!"

त्याने हाताचा तळवा दाखवला. "इंजिनाचं दुखणं आमी हातानंच वळखतो. दुकानात पेटीवर हात ठेवायचा. ढोल चालला तर तबकडी घ्यायची."

मी पेटी त्याच्यापुढे ठेवली. त्याने बोचकं सोडलं. एकेक तबकडी मी लावायची, त्याने तळवा टेकवायचा. "हा खोकणारा बुवाच ना?" तोच होता! रावजीचा पाय ठेका धरत होता, विमला पदर तोंडाला लावून हसत होती.

शेवटची तबकडी होडीच्या चित्राची निघाली. घोगरी बाई गाऊ लागली. रावजीने तळवा ठेवला, सरकवला, पुन्हा दाबून ठेवला. मग हात काढून घेतला.

"हिचं काय हाताला लागत नाय," तो म्हणाला. "तुझी चिठ्ठी दाखवली, त्यानं दिलान ती आणली. चांगली हाय काय रं?"

चारच तबकड्यांची जागा होती त्याच्या जहाजावरच्या ट्रंकेत, असं विमलाने मागाहून सांगितलं. त्यातली एक जागा त्याने ह्या घोगऱ्या बाईला दिली होती.

मी त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी गोड बोललो. "रावजी, आजवरची सगळ्यात चांगली हीच."

"मंग परत लाव," रावजी म्हणाला, आणि मी ऐकत असताना माझ्या तोंडाकडे बघत बसला.